घसरणारे चाक आणि धरणारे चाक

पावसाळ्यात तांबड्या मातीच्या रस्त्यावर रुतलेली मोटार आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. एक चाक चिखल उडवीत गरगर फिरत असते आणि त्याच्याच जोडीचे दुसरे चाक कठीण जमिनीवर असूनही जागचे हलत नाही. पाहणाऱ्याला वाटते, इंजिनाचा जोर कमी पडत असावा. वस्तुतः जोर भरपूर असतो; तो हव्या त्या चाकाला मिळत नाही, एवढेच. ह्या अडचणीवर दोन उपाय निघाले. ते एकमेकांस साहाय्य कसे करतात, हे ह्या लेखात पाहावयाचे आहे. कलाशाखेच्या शिक्षकाने यंत्रावर का लिहावे, असे कोणी विचारील. परंतु ह्यात लागणारे गणित गुणाकार-वजाबाकीच्या पुढे जात नाही.

मोटार वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. दोन चाकांत दीड मीटर अंतर असेल, तर एक पूर्ण वर्तुळ फिरताना बाहेरचे चाक आतल्याहून सुमारे ९.४ मीटर अधिक चालते. दोन्ही चाके एकाच दांड्याला जखडली, तर त्यांपैकी एकाला फरपटत जावे लागेल. म्हणून त्यांच्या मध्ये दातेरी चक्रांची एक पेटी बसवितात. तिला डिफरन्शियल म्हणतात. ओनेझिफोर पेक्यूर ह्या फ्रेंच कारागिराने १८२८ च्या सुमारास वाफेच्या गाडीकरिता तिचे पेटंट घेतले होते.

ही पेटी चाकांना निरनिराळ्या वेगाने फिरू देते; पण फिरविण्याचा जोर, म्हणजे आघूर्ण, दोघांना समसमान वाटते. वाटणी ऐकावयास न्याय्य खरी, पण गोम तिच्यातच आहे. चिखलातील चाक १०० न्यूटन-मीटरपेक्षा अधिक जोर पेलू शकत नसेल, तर कोरड्या जमिनीवरील चाकाच्या वाट्यालाही १०० च येतात. बाकीची शक्ती पहिले चाक नुसते गरगरविण्यात जाते.

पहिला उपाय यांत्रिक. त्याचे नाव लिमिटेड स्लिप डिफरन्शियल. १९३० नंतरच्या दशकात जर्मनीतील ऑटो युनियनच्या शर्यतीच्या मोटारींत तो वापरला गेला. काही प्रकारांत घर्षणाच्या चकत्या असतात. अमेरिकेतील वर्नन ग्लीसमन ह्यांच्या टॉर्सेन नावाच्या प्रकारात मळसूत्री चक्रे असतात. टॉर्सेन दुबळ्या चाकाला जेवढा जोर पेलतो, त्याच्या काही पटींपर्यंत जोर बलवान चाकाला देऊ शकते. ही पट तीन आहे असे धरा. चिखलातले चाक १०० पेलते, तर दुसऱ्याला ३०० मिळतील. पण पहिले चाक खड्ड्यामुळे अधांतरी लोंबत असेल तर? ते शून्य पेलते, आणि शून्याची तिप्पट शून्यच.

दुसरा उपाय विजेच्या मेंदूचा. त्याचे नाव ट्रॅक्शन कंट्रोल. १९८० नंतरच्या दशकात तो मोटारींत रूढ होऊ लागला. प्रत्येक चाकाचा वेग मोजणारी साधने असतात. एखादे चाक भलतेच वेगाने फिरू लागले की यंत्रणा त्याच चाकाचा ब्रेक आवळते, किंवा इंजिनाची शक्ती कमी करते, किंवा दोन्ही करते.

ह्या दोहोंचा मेळ समजण्यास हमव्ही ह्या अमेरिकन लष्करी गाडीचे उदाहरण फार चांगले. १९८० नंतरच्या दशकात सैन्यात आलेल्या ह्या गाडीला पुढे-मागे टॉर्सेन होती, ट्रॅक्शन कंट्रोल नव्हते. चाक अधांतरी झाले, की अॅक्सिलरेटर न सोडता ब्रेक हलकेच दाबावा, असे चालकांना शिकवीत. रुतलेल्या गाडीला ब्रेक लावणे हा वेडेपणा वाटेल. पण हिशेब करून पाहा. ब्रेकने दोन्ही चाकांवर २०० चा अडथळा आला. अधांतरी चाक आता शून्य नव्हे, २०० पेलते; दुसऱ्याला त्याच्या तिप्पट, म्हणजे ६०० मिळतात. त्यातून त्याच्या स्वतःच्या ब्रेकचे २०० वजा केले, तरी ४०० जमिनीला लागतात. साध्या पेटीत हीच युक्ती केली तर दुसऱ्याला २०० मिळणार आणि ते त्याचाच ब्रेक खाणार, हाती शून्य!

ट्रॅक्शन कंट्रोल ह्याहून सरस, कारण ते फक्त घसरणारे चाक आवळते. तेव्हा टॉर्सेनसह पूर्ण ६०० कामी येतात. साध्या पेटीने तेवढाच परिणाम साधावयाचा, तर ब्रेकलाही ६०० चा भार उचलावा लागेल. ब्रेकने अडविलेल्या शक्तीची उष्णता होते; लांब चढावर ब्रेक फार तापले, तर त्यांच्या रक्षणासाठी यंत्रणा त्यांना ढिले सोडते आणि गाडी पुन्हा अडकते. जोडीला टॉर्सेन असली म्हणजे तिसऱ्या हिश्श्याच्या ब्रेकने भागते.

दोन्ही चाके बर्फावर असतील, तर मात्र चित्र पालटते. टायरची पकड एका थैलीतल्या पैशांसारखी असते. पुढे ढकलण्यात खर्च झाली, की बाजूला घसरणे रोखण्यास उरत नाही. साध्या पेटीत एक चाक गरगरते, पण दुसरे आपली बाजूची पकड राखून गाडीचा मागचा भाग जागी ठेवते. लिमिटेड स्लिपमुळे दोन्ही चाके एकदम सुटू शकतात, आणि रस्ता कलता असला तर मागचा भाग उताराकडे सरकतो. माझ्या मते ट्रॅक्शन कंट्रोलचा खरा उपकार येथेच आहे. जोराची वाटणी कशीही केली तरी येथे उपयोग नसतो. जोरच कमी करावा लागतो, आणि ते काम इंजिन आवरूनच होते.

तेच आवरणे खोल वाळूत नडते. तेथे चाके थोडी घसरत राहिली तरी चालते, वेग मात्र मोडता कामा नये. इंजिन मंदावले, की गाडी बसलीच. म्हणून पुष्कळ गाड्यांत ट्रॅक्शन कंट्रोल बंद करण्याचे बटण असते. ते दाबल्यावरही यांत्रिक लिमिटेड स्लिप आपले काम करीतच राहते. ती चक्रांची आणि चकत्यांची रचना, तिला ह्या बटणाचा पत्ताही नसतो.