फुलांच्या वाफ्यातील अनोळखी पाहुणा

गेल्या पावसाळ्यात आपल्या शाळेच्या बागेत, झेंडूच्या वाफ्यात, एक रोप आपोआप उगवले. पाने रुंद, कडा किंचित नागमोडी. "सर, हे वांगे!" असा निर्णय मुलांनी देऊन टाकला. मीही मान डोलावली आणि त्याला पाणी घालावयास सांगितले. ती माझी चूक होती. ती कशी उमगली, तेच येथे सांगावयाचे आहे.

एकाच खुणेवरून वनस्पती ओळखू नये, हा पहिला नियम. पाने पुष्कळदा फसवितात. फूल आणि फळ यांची साक्ष अधिक भरवशाची. म्हणून आम्ही रोज निरीक्षण करून वहीत टिपू लागलो. वांग्याच्या पानाची खालची बाजू दाट लवेमुळे पांढुरकी दिसते. या पानावर तशी लव नव्हती. पान चुरगळताच उग्र वास आला. हात धुतले, पण मनात शंका राहिली.

पुढे कळी आली. वांग्याचे फूल लहान, जांभळे व पसरट असते आणि त्याच्या मध्यभागी पिवळे पुंकेसर असतात. हे फूल मात्र पांढरेशुभ्र, जवळजवळ वीतभर लांब, कर्ण्यासारखे, आणि सायंकाळी उमलणारे! त्याच दिवशी मी वाफ्याला कुंपण घातले. काही दिवसांनी काटेरी गोल फळ धरले, आणि शंका फिटली. महादेवाला वाहतात तोच हा धोत्रा!

वांगे, बटाटा, मिरची आणि धोत्रा ही एकाच कुळातील भावंडे. म्हणूनच हे साम्य. परंतु धोत्र्याचे सर्वांग विषारी आहे. त्याच्या बिया तर मिरचीच्या बियांसारख्या दिसतात. त्या पोटात गेल्यास तोंड कोरडे पडते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, माणूस बरळू लागतो. प्रसंगी प्राणही जातो. अशा वेळी घरगुती उपाय करीत न बसता रोग्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

आपल्या गोव्याला हे झाड नवे नाही. गार्सिया द ओर्ता यांचा वनौषधींवरील ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात धोत्र्याविषयी संवाद असून, धोत्रा खाऊ घालून चोरी केल्याची हकीकतही आहे. पुढे १७५३ मध्ये लिनियसने या प्रजातीस दिलेले 'दातुरा' हे नावही आपल्या 'धत्तूर' शब्दावरूनच आले आहे.

फळ पिकून बिया सांडण्यापूर्वीच आम्ही हाताला कापड गुंडाळून ते झाड उपटले. त्या वाफ्याशेजारीच पहिलीची मुले डबा खावयास बसतात! वांगे समजून त्यास वाढविले असते, तर? ती कल्पनाही करवत नाही.

अनोळखी झाड चाखू नका. पाहा, टिपा, जाणत्यास विचारा. आणि ठाऊक नसेल तेव्हा "मला ठाऊक नाही" असे म्हणावयास लाजू नका. हा धडा वाफ्यातील त्या पाहुण्याने प्रथम मला शिकविला.