टाकीतला सकर तलावात सोडू का?

प्रश्न : फिश टँकची काच साफ राहावी म्हणून आणलेला आमचा सकर मासा आता हातभर झालाय. टाकीत मावत नाही, मारवतही नाही. गोरेवाडा तलावात सोडला तर? एका माशाने काय होणार?
– एक वाचक, सदर, नागपूर

उत्तर : कृपा करून सोडू नका. एकटा मासा वंश वाढवू शकत नाही, हे खरं. पण असाच विचार करून कुणी आधीच तिथे दुसरा सोडला असेल, तर?

लायनफिशचं असंच झालं. पट्टेरी अंगाचा, विषारी काट्यांचा हा मासा आपल्या बाजूचा, हिंदी आणि पॅसिफिक महासागरांतला. शोभेसाठी तो अमेरिकेत गेला आणि १९८५ मध्ये फ्लोरिडाजवळच्या समुद्रात दिसला. पाळणाऱ्यांनीच तो सोडला असावा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्याची एक मादी वर्षाला वीसेक लाख अंडी घालते. शिवाय तिथल्या लहान माशांना हा शिकारी ओळखूच येत नाही, ते पळत नाहीत. आज तो कॅरिबियन समुद्रभर पसरलाय आणि तिथून त्याला हटवणं कुणालाही जमलेलं नाही. त्याचा भाऊबंद भूमध्य समुद्रात शिरला तो सुएझ कालव्यातून.

तुमचा सकर मूळचा दक्षिण अमेरिकेचा आणि फार चिवट. पाण्यात प्राणवायू कमी पडला की तो वर येऊन हवा गिळतो, त्यामुळे घाण पाण्यातही तगतो. अंगावर कडक कवच आणि काटे असल्याने जाळी फाटतात. काठाच्या मातीत बिळं करून तो अंडी घालतो, त्याने काठ ढासळतात. उजनीच्या जलाशयात तो आधीच पोचलाय. कोळ्यांच्या जाळ्यात येतो, पण बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही.

आणि गोरेवाड्यात सोडलेला मासा गोरेवाड्यातच राहील, असं समजू नका. तिथून पिवळी नदी निघते. ती नाग नदीला मिळते, नाग कन्हानला आणि कन्हान आंभोऱ्याजवळ वैनगंगेला. पुढे गोसीखुर्द, प्राणहिता, गोदावरी. एका पावसाळ्यात तलाव ओसंडला, की वाट मोकळी! याच वैनगंगेच्या खोऱ्यात ढीवर समाजाचं पोट माशांवर चालतं. भंडारा-गोंदियात ढीवर बाया मामा (माजी मालगुजारी) तलावांतली बेशरमची झुडपं उपटून देशी पाणवनस्पती लावताहेत, देशी मासे परतावेत म्हणून. त्यांच्या कष्टांवर आपण पाणी का फिरवायचं?

चूक फक्त हौशी लोकांचीच, असंही नाही. चिलापी १९५२ मध्ये मत्स्यशेतीसाठी भारतात मुद्दाम आणली गेली, आज ती उजनीसारख्या जलाशयांत ठाण मांडून आहे. आफ्रिकन मागूर, म्हणजे बाजारातला ‘थाई मागूर’, पाळायला केंद्राने २००० मध्ये बंदी घातली, तरी चोरून पाळला जातोच. एकदा पाण्यात गेलेला मासा कायद्याने परत येत नाही.

मग करायचं काय? आधी दुकानदाराला विचारा, काहीजण मोठे मासे परत घेतात. नाहीतर मोठी टाकी असलेला कुणी हौशी शोधा. तेही जमलं नाही, तर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने त्याला वेदना न होता मरण द्या. हे जड जाईल, पण तलावात सोडण्यापेक्षा तेच योग्य. आणि पुढच्या वेळी काच स्पंजने पुसा, सकर आणू नका.