वाटेतली ऊब



या तिमाहीचा पाठ दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाविषयी आहे. ३७ आठवड्यांपूर्वी जन्मलेले बाळ अपुऱ्या दिवसांचे, तर अडीच किलोहून कमी भरणारे कमी वजनाचे. त्याच्या अंगात चरबी थोडी, म्हणून ते लवकर गार पडते. चोखायला ताकद नसते आणि फुफ्फुसेही कच्ची असू शकतात.

अमरावतीचे डफरीन आणि अकोल्याचे लेडी हार्डिंग ही आपली जिल्हा स्त्री रुग्णालये. अशा ठिकाणच्या नवजात कक्षात वॉर्मर, ऑक्सिजन, काविळीसाठी निळा प्रकाश आणि नळीने आईचे दूध देण्याची सोय असते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे २०११ पासून शासकीय रुग्णालयात आजारी नवजाताचे उपचार व वाहन मोफत आहे. अडचण अंतराची आहे. धारणीहून अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर, मध्ये घाट. तेवढ्यात बाळ गार पडले, तर कक्षातल्या डॉक्टरांचे काम फार कठीण होते.

यावर साधा उपाय १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांनी सुरू केला. तेथे काचपेट्या अपुऱ्या होत्या. त्यांनी बाळ आईच्या उघड्या छातीशी ठेवले. हीच कांगारू पद्धत. टोपी, मोजे, लंगोट एवढेच घालून बाळ उभे छातीशी धरावे, वरून लुगडे किंवा शाल गुंडाळावी. वडील किंवा आजीही धरू शकतात.

ही लक्षणे दिसताच १०८ ला फोन करावा :

१. बाळ दूध ओढेनासे होणे
२. हातपाय गार किंवा अंग तापलेले
३. श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, छाती आत ओढली जाणे
४. तळहात-तळपाय पिवळे
५. झटके, किंवा अंग ढिले पडणे

जन्मताच आंघोळ नको, चीक फेकू नये. पोट फुगले म्हणून विळा तापवून डंबा देऊ नये.

काही कोरकू कुटुंबे उपचार अर्धवट सोडून गावी परततात. लोक त्यांना अडाणी म्हणतात. मी म्हणत नाही. घरी दुसरी लेकरे असतात, बापाची मजुरी बुडते, वॉर्डात आपली बोली कोणी बोलत नाही. एक डबा आणि कोरकू जाणणारा एक माणूस मिळाला, तर आई थांबते.

महिला सभेत चर्चेसाठी : आपल्या मंडळीतून आठवड्याला किती डबे जातील? टोप्या कोण विणेल? रुग्णालयात सोबत कोण बसेल? नावे लिहूनच सभा संपवावी.