गोणी हलवून बघा

१९८४ साली प्रोबेशनरी ऑफिसर म्हणून एका सरकारी बँकेत लागले, २०२० मध्ये जनरल मॅनेजर म्हणून निवृत्त झाले. मधल्या पायऱ्यांना आमच्याकडे स्केल म्हणतात, एक ते सात. नव्या मुली भेटल्या की विचारतात, "मॅडम, कसं जमवलंत?" जे आठवतं ते सांगते. क्रमाला फारसा अर्थ नाही, पहिला मुद्दा सोडून.

१. कर्जाचं टेबल मागून घ्या.
पहिल्या शाखेत मॅनेजरसाहेबांनी मला ठेवी आणि लॉकर दिले. "वसुलीला खेड्यापाड्यांत फिरावं लागतं, तुम्हाला कशाला तो त्रास?" माणूस मनाने चांगला. त्यांच्या घरून येणाऱ्या डब्यात माझ्यासाठी एक पोळी जास्त असायची. पण त्या काळजीत माझी चार वर्षं गेली. बढतीच्या मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, "आजवरचं तुमचं सर्वांत मोठं प्रपोजल कितीचं?" सांगायला आकडाच नव्हता. माझ्या बॅचच्या पुरुषांकडे तो होता. बँक कमावते कर्जावर आणि बुडतेही कर्जावरच, त्यामुळे वरच्या खुर्चीसाठी कर्ज दिलेली, वसूल केलेली माणसं शोधतात. एचआर, ट्रेनिंग ही खाती हलकी मुळीच नाहीत. मात्र तिथून वर जाणारा जिना बहुतेकदा मध्येच संपतो.

२. गोणी हलवून बघा.
अखेर कर्ज विभाग मिळाला तेव्हा एका डाळमिलचं कॅश क्रेडिट खातं माझ्याकडे आलं. तारण म्हणजे गोदामातली तूर. दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट यायचं आणि आधीचे अधिकारी दारातच चहा घेऊन, थप्प्या मोजून सही करायचे. मी शिडी मागितली. मालक म्हणाले, "मॅडम, साडी नेसून कुठे चढता? पडाल." पदर खोचून चढले. वरून बघते तर थप्पी आतून पोकळ! चारही बाजूंनी गोण्या रचलेल्या आणि मध्ये विहिरीसारखा खड्डा. तळाशी रिकामं बारदान पडलं होतं. माझ्या पडण्याची काळजी त्यांना का वाटत होती ते तेव्हा कळलं. त्याच दिवशी खात्याची ड्रॉइंग पॉवर, म्हणजे उचल घेण्याची मर्यादा, खाली आणली. खाली उतरल्यावर चहा आला, तो घेतला नाही. (आजही मुलाखतीत कुणी रेशोंची यादी म्हणून दाखवली की मला ती शिडी आठवते.)

३. सीएआयआयबी ही बँकिंगची परीक्षा लवकर उरका.
मी मुलगी आठ महिन्यांची असताना पेपर दिले. तसं करू नका.

४. बुडती शाखा नाकारू नका.
एखादी शाखा पार तोट्यात गेली, दोन मॅनेजर पळाले, की वरिष्ठांना अचानक आठवतं, "महिलांनाही संधी द्यायला हवी." राग येतो, पण घ्या. २००० साली तोट्यातली इंडियन बँक रंजना कुमार यांच्या हाती दिली आणि त्यांनी ती नफ्यात आणली. सरकारी बँकेच्या त्या पहिल्या महिला प्रमुख. पुढच्याच वर्षी माझ्या वाट्याला थकबाकीने भरलेली शाखा आली, तेव्हा त्यांचंच उदाहरण मनात होतं. कर्जदारांच्या दारात सकाळी सात वाजता उभी राहायचे. बाईमाणूस दारात आलं की घरातली मंडळी बाहेर येतात आणि कर्जाची गोष्ट पहिल्यांदाच बायकोच्या कानावर पडते. निम्मी वसुली तिथेच व्हायची.

५. बदलीचा निर्णय घरात घ्या, अपराधीपणाने नको.
स्केल चारची बढती मी एकदा सोडली, कारण तिच्यासोबत बदली होती आणि मुलगी दहावीत. पुढची संधी यायला तीन वर्षं लागली आणि माझे ज्युनिअर माझे साहेब झाले. त्याचं दुःख नाही. खटकतं ते वेगळंच. माझ्या मिस्टरांची बदली झाली तेव्हा "मुलांचं कोण बघणार?" असं त्यांना एकाही माणसाने विचारलं नव्हतं. अरुंधती भट्टाचार्य २०१३ मध्ये स्टेट बँकेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. त्यांच्या काळात तिथल्या महिला कर्मचाऱ्यांना मुलांसाठी किंवा घरातल्या वृद्धांसाठी दोन वर्षांपर्यंत रजा घेण्याची सोय झाली. तशी सोय मला असती तर बढती नाकारण्याचं पत्र लिहावंच लागलं नसतं. दुसऱ्यांदा परराज्यात बदली आली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "तू जा गं, आता मला कुकर लावता येतो." मी गेले.

६. फोनवरच्या हुकमावर सही करू नका.
वरच्या पदांवर हे फार होतं. एकदा रात्री साडेनऊला फोन आला, "उद्या सकाळी ते प्रपोजल मंजूर करून टाका." मी म्हटलं, "सर, तेवढं लेखी पाठवा, लगेच करते." वर्षभराने त्या पार्टीचं खातं दुसऱ्याच एका बँकेत एनपीए झालं. लेखी काही मला आलं नव्हतं.