नवख्या वारकऱ्यास भजनाची ओळख

॥ रामकृष्णहरि ॥

आषाढीच्या वाटेवर दरवर्षी नवी पावले येऊन मिळतात. कोणी शहरातून येतो, कोणी परप्रांतात वाढलेला मराठी मुलगा असतो, कोणाच्या घरची वारी आजोबांबरोबरच थांबलेली असते. अशा नवख्यास पहिल्या दोन दिवसांत पायांपेक्षा कानांचाच त्रास अधिक होतो. माउलींच्या रथापुढे २७ दिंड्या आणि मागे त्याहून कितीतरी अधिक. प्रत्येक दिंडीचा मृदंग निराळा, अभंग निराळा, चाल निराळी. रस्त्याच्या कडेस उभ्या राहिलेल्या माणसास तो सगळा गलबला वाटतो. मग तो विचारतो, "महाराज, ही सगळी पदे एकसारखीच का हो वाटतात?" आणि थोडी ओळख झाली, म्हणजे मनातला खरा प्रश्न हळूच बाहेर येतो, "मला गाता येत नाही. मी टाळ घेतला तर चालेल का?"

वाचकहो, या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी एकदा चुकीचे दिले आहे.

पुष्कळ वर्षे झाली त्याला. दिवेघाट चढताना एक तरुण माझ्या शेजारी टाळ घेऊन चालत होता. आवाज खणखणीत, पण सुराशी जन्माचे वैर. ध्रुपद आले की याचा स्वर भलतीकडे जाई. मला राहवले नाही. "माउली, तुम्ही जरा मनातल्या मनात म्हणा," असे मी त्यास म्हणालो. त्याने मान डोलावली. टाळही हळूहळू थांबला. सासवडच्या मुक्कामी तो दिसला. पुढे काही दिसला नाही. त्या रात्री आमच्यातले एक म्हातारे टाळकरी माझ्याजवळ येऊन बसले आणि एवढेच म्हणाले, "बुवा, सूर सांभाळायला वीणा हाय, ठेका सांभाळायला मृदंग हाय. तुमच्याकडं माणूस सांभाळायला दिला व्हता."

त्या तरुणास द्यावयाचे राहून गेलेले उत्तर आज येथे लिहीत आहे.

आपल्याकडील पदांचे प्रकार ओळखावयाचे तर राग कोणता, ताल कोणता, येथून आरंभ करू नये. आधी एकच पाहावे : यात बोलतो कोण, आणि मागून म्हणतो कोण? एवढे कळले की ओवी, अभंग, गौळण, भारूड आणि कीर्तन हे पाचही निरनिराळे दिसू लागतात, आणि आपली जागा कोठे आहे तेही समजते.

ओवी

पहिली ओवी. तिची दोन घरे आहेत. एक ग्रंथातले आणि एक जात्यावरचे. श्रीज्ञानेश्वर महाराजांनी शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली, ती ओवीतच. तिचे साडेतीन चरण; पहिल्या तीन चरणांच्या शेवटी यमक जुळते आणि चौथा अर्धाच राहतो. अक्षरांचे बंधन सैल आहे, म्हणून ती बोलण्याच्या अगदी जवळ जाते. पारायणास बसलेला मनुष्य ती गातो म्हणावे तर गात नाही, वाचतो म्हणावे तर नुसते वाचीतही नाही.

जात्यावरची ओवी बायकांची. पहाटे दोघी समोरासमोर बसून खुंटा ओढीत. एकीने म्हणावे, दुसरीने उचलावे. त्यात माहेर असे, भाऊ असे, सासरचे दुःख असे, आणि पंढरीचा विठ्ठल तर घरातल्या माणसासारखा येऊन बसे. ऐकायला कोणी नसे. ऐकले तर त्या जात्याने. पिठाच्या गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली आणि त्या ओव्याही मुक्या होऊ लागल्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटविन या अभ्यासकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव हिंडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, हे मोठेच उपकार झाले. तुमच्या घरी आजी असेल तर तिला विचारून पाहा. आधी ती नाहीच म्हणेल. मग हात आपोआप खुंटा धरल्यासारखा फिरू लागेल.

अभंग

दिंडीचे मुख्य धन ते अभंग. मोठ्या अभंगाचे चार चरण. पहिल्या तीनांत सहा सहा अक्षरे, चौथ्यात चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचे यमक जुळते. लहान अभंगाचे दोन चरण, बहुधा आठ आठ अक्षरांचे. येथे अक्षरे मोजावयाची, ऱ्हस्वदीर्घ नव्हे. म्हणूनच एक अभंग दहा चालींवर बसतो. तुमच्या गावची चाल एक, आमच्या फडाची दुसरी, आणि दोन्ही खऱ्या. "आमच्याकडे असे म्हणत नाहीत" असे म्हणून नवख्याने वाद घालू नये आणि जुन्यानेही घालू नये.

मोठ्या अभंगाचा चौथा चरण तोकडा असतो. तेथे दम घ्यावयास जागा सापडते, आणि ती मोकळी जागा मृदंग भरून काढतो. चालता चालता म्हणून पाहा, म्हणजे हे हिशेबाशिवाय कळेल.

आता गाथा उघडा. पहिल्या कडव्यापुढे १ चा आकडा, दुसऱ्यापुढे मात्र "ध्रु." असे छापलेले आणि तिसऱ्यापुढे २. नवख्यास ही छापखान्याची चूक वाटते. ती चूक नव्हे. ते दुसरे कडवे म्हणजे ध्रुपद. सांगणारा पुढे पुढे जातो, आणि बाकीचे सर्व त्या एका कडव्याशी परत परत येतात. अभंगात बोलणारा एक, पण मागे म्हणणारा समुदाय. सगळा अभंग पाठ नसला तरी चालते. ध्रुपद दोनदा ऐकले की तिसऱ्यांदा तोंडात बसते. नवख्याची जागा तीच आहे, आणि ती आधीपासूनच त्याच्यासाठी मोकळी ठेवलेली आहे.

हेच अभंग मैफलीतही गातात. पंडित भीमसेन जोशी यांच्या संतवाणीने कितीतरी घरांत तुकोबाराय पोहोचविले. त्या वाटेनेही पुष्कळ लोक वारीस आले आहेत. पण मैफलीत एक गातो आणि आपण ऐकतो. दिंडीत नुसते ऐकून भागत नाही. तेथे श्रोता म्हणून कोणी नसतोच. म्हणून दिंडीतल्या भजनास मैफलीची फूटपट्टी लावू नये.

गौळण

काकड्याच्या वेळी, भूपाळ्या झाल्यावर, आणि काल्याच्या प्रसंगी गौळणी म्हणतात. अभंगात संत आपले बोलतात. गौळणीत मात्र बोलणारी गोपी असते. कृष्णाची कागाळी यशोदेकडे नेणारी, दह्याचे मडके फुटले म्हणून रागावणारी, मुरली ऐकून घरकाम विसरणारी. दाढीमिशांचे वारकरी तोंडाने तक्रार करतात आणि मनातून आनंदतात. येथे चाल हलकी, ठेका नाचरा. काल्याची गोडी यातच आहे. आषाढी पौर्णिमेस गोपाळपुरास काला होतो, तेव्हा हे प्रत्यक्ष पाहावे.

तमाशातही गण झाल्यावर गौळण येते, तेथे पेंद्या असतो, मावशी असते. नाव एक, प्रसंगही गोकुळचाच, पण रंगमंच वेगळा आणि हेतू वेगळा. दोहोंची गल्लत करू नये; तशीच कोणाची हेटाळणीही करू नये.

भारूड

गौळणीत गोपी व्हावयाचे, तर भारुडात वाटेल तो! पैठणच्या श्रीएकनाथ महाराजांनी (इ. स. १५३३ ते १५९९) रस्त्यावरचे सगळे लोक आपल्या पदांत आणले. मोरपिसांची टोपी घालून पहाटे येणारा वासुदेव, भविष्य सांगणारा जोशी, संबळ वाजविणारा गोंधळी, जोगवा मागणारी, आंधळा, पांगळा, मुका, बहिरा. ज्याची जी भाषा, तीच त्याच्या तोंडी. लोक हसतात, आणि हसता हसता केव्हा टोचले हे कळत नाही. विंचवाच्या भारुडात बाई विंचू चावला म्हणून ओरडते. पुढे कळते की तो विंचू म्हणजे कामक्रोध, आणि त्यावरचा उतारा सत्त्वगुण. नुसते सोंग पाहिलेला हसून घरी जातो. अर्थ कळलेला हसून घरी जातो आणि रात्री जागा राहतो.

भारुडात सोंग घेणारा एक पुढे येतो. बाकीचे मागून ध्रुपद धरतात आणि मधून मधून त्याला प्रश्नही करतात. ज्यास सूर नाही पण जीभ आहे, त्याची येथे सोय आहे.

कीर्तन

नारदीय कीर्तनात बुवा एकटे उभे राहतात, साथीस पेटी व तबला. आधी पूर्वरंगात निरूपण, मग उत्तररंगात आख्यान. वारकरी कीर्तनात बुवांच्या मागे टाळकऱ्यांची रांग, बाजूस मृदंगी, जवळ वीणेकरी. बहुधा एकच अभंग घेऊन त्याचे चरणशः निरूपण होते, आणि पुष्टीसाठी संतांची प्रमाणे येतात. बुवांनी प्रमाण उच्चारले की मागच्यांनी ते उचलावयाचे. बुवा बोलतात तेव्हा टाळकरी ऐकतात. टाळकरी म्हणतात तेव्हा बुवांना दम मिळतो. या शिक्षणासाठी विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. तेथून शिकून बाहेर पडलेले कीर्तनकार व मृदंगी आज गावोगावच्या सप्ताहांत भेटतात.

वारीबाहेरही भजनाची रूपे अनेक. विदर्भात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९ ते १९६८) खंजिरीवर भजन नेले, ते तिकडे आजही त्याच ठसक्यात चालते. कोकणात आणि मुंबईच्या कोकणी वस्तीत डबलबारी रंगते. दोन बुवा समोरासमोर बसून पदांतूनच सवालजबाब करतात. तो डौल निराळा. तेथे गेलात तर तेथल्या रीतीने ऐकावे.

नवख्याने काय करावे

आता व्यवहाराचे चार शब्द.

पहिले, टाळ हातात आला की लगेच वाजवू नये. मृदंग्याच्या हाताकडे पाहावे. भजनी ठेका आठ मात्रांचा; पण मोजीत बसाल तर चुकाल. आपले पाऊल आणि टाळ एकत्र पडू लागले की ठेका सापडला म्हणून समजा. मृदंगाच्या डाव्या तोंडास कणीक लावलेली असते, तिच्यामुळे तो घुमतो. तो घुमारा पायांना आधी कळतो, कानांना मागून.

दुसरे, पहिले दोन दिवस केवळ ध्रुपद धरावे. पुढचे चरण येत नसले तर गप्प राहावे. ध्रुपद आले की मात्र तोंड उघडावे. आवाज शेजाऱ्याच्या आवाजात मिसळेल इतकाच ठेवावा. शेजाऱ्याचा आवाज आपल्याला ऐकू येत नसेल, तर आपला मोठा झाला.

तिसरे, वीणेचा मान राखावा. सप्ताहात सातही दिवस वीणा खाली ठेवीत नाहीत. पहारे बदलतात, एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. पहारा मागून घ्यावा. त्यास गाण्याची परीक्षा नाही; उभे राहण्याची आहे.

चौथे, भ्रमणध्वनी पिशवीत ठेवावा. एका हाताने चित्रण आणि एका हाताने टाळ, असे होत नाही. टाळास दोन हात लागतात.

शेवटी समाजआरतीची एक रीत सांगतो. मुक्कामी सर्व दिंड्या गोल जमतात. चोपदार दंड उंचावतात, आणि इतका वेळ चाललेला गजर एका क्षणात थांबतो. ज्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल, ती मात्र आपले टाळ वाजवीतच राहते. मग चोपदार तेथे जातात, ऐकून घेतात, आणि नंतरच तो टाळ शांत होतो. हजारो माणसे स्तब्ध उभी असतात आणि एका दिंडीच्या टाळासाठी आरती थांबते. तो सुरात आहे की नाही, हे तेथे कोणी पाहात नाही.

मी मात्र दिवेघाटात एका माणसाचा टाळ थांबविला, आणि तो का थांबला हे विचारावयासही गेलो नाही. तेव्हापासून घाटाच्या पायथ्याशी आलो की नवखा कोण आहे ते पाहतो, माझा टाळ त्याच्या हाती देतो आणि त्याच्या शेजारून टाळी वाजवीत चालतो. कोणी सुरात असतो, कोणी नसतो. चढ संपेपर्यंत ध्रुपद बहुतेकांस येते.

जुन्या टाळकऱ्यांना हात जोडून विनंती, यंदा तुमच्या शेजारी कोणी बेसूर आला तर त्याला गप्प करू नका; थोडे जवळ घ्या आणि आपला सूर त्याच्या कानाशी न्या. आणि तो तरुण, आता तोही उतारवयास लागला असेल, हे वाचीत असेल तर त्याने आमच्या दिंडीत यावे. त्याचा टाळ आम्ही ठेवला आहे.

॥ रामकृष्णहरि ॥