निवारागृहातील कुत्रा घरी येतो तेव्हा

आमच्या इंदूर नगरीत राजवाड्याला मोठा मान आहे. या वास्तूत होळकरांचे कुलदैवत श्रीमल्हारी मार्तंड यांचे देवस्थान आहे. मल्हारी म्हणजेच खंडोबा. आणि खंडोबाच्या चित्रात घोड्याच्या पायाशी कुत्रा बहुधा असतोच. देवाच्या सान्निध्यात ज्याला स्थान मिळाले, त्याच जातीचा जीव वाड्यासमोरील चौकात दुकानाच्या फळीखाली अंग चोरून बसतो आणि येणारा-जाणारा त्याला हुसकावतो. ही विसंगती मनाला लागून काही कुटुंबे निवारागृहातील एखादा कुत्रा घरी आणतात. हेतू स्तुत्य खराच. परंतु केवळ दयेने हे कार्य तडीस जात नाही. दया उतावळी झाली की तो जीव अधिकच भेदरतो, घरची मंडळी कंटाळतात आणि अखेर त्याची परत पाठवणी होते. म्हणून या विषयाचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम त्याच्या भीतीचे कारण समजून घेऊ. कुत्रा जग ओळखतो ते मुख्यतः नाकाने आणि कानाने. माणसाच्या कानाला सेकंदास सुमारे 20,000 कंपनांपर्यंतचाच ध्वनी ऐकू येतो. कुत्र्याची मर्यादा याच्या दुपटीहून अधिक आहे. नव्या घरातील प्रत्येक वास आणि प्रत्येक आवाज त्याला परका असतो. आपण त्याला संकटातून सोडविले, हे आपल्याला ठाऊक. त्याला मात्र एवढेच कळते की ओळखीचे सारे एकाएकी नाहीसे झाले.

यासाठी जाणकार मंडळी तीन दिवस, तीन आठवडे आणि तीन महिने असे ढोबळ टप्पे सांगतात. पहिल्या तीन दिवसांत त्याला सर्वांत मोठी देणगी द्यावयाची ती शांततेची. घराच्या एका कोपऱ्यात गोणपाट किंवा जुनी सतरंजी अंथरावी, जवळ पाण्याचे भांडे ठेवावे आणि ती जागा त्याचीच मानावी. शेजारपाजारच्या मुलांना बोलावून त्याचे प्रदर्शन मांडू नये. त्याला उचलणे, कवटाळणे, डोळ्याला डोळा लावून पाहणे हेही टाळावे. आपण जवळपास खाली बसून आपले पुस्तक वाचीत राहावे. तो आपण होऊन येऊन हात हुंगील. निवारागृहात जे अन्न मिळत असे तेच प्रारंभी द्यावे आणि आठवडाभरात हळूहळू घरचे अन्न मिसळीत जावे. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका व चॉकलेट हे पदार्थ त्याला विषासमान आहेत.

पुढील तीन आठवडे नियमिततेचे. जेवण, फिरणे व निजणे यांच्या वेळा ठरलेल्या असाव्यात. झोपेतून उठल्यावर आणि जेवणानंतर त्याला बाहेर नेले, म्हणजे घर घाण न करण्याची सवय लागते. चूक झाल्यास मारू नये. शिक्षेचा संबंध झालेल्या चुकीशी त्याला जोडता येत नाही, तो केवळ आपल्याला भिऊ लागतो. घरी एकटे राहण्याची सवयही आधी दोन मिनिटे, मग पाच, मग पंधरा अशी वाढवीत न्यावी. पूर्ण विश्वास बसण्यास तीन महिने, क्वचित त्याहून अधिक काळही लागतो.

भ्यालेल्या कुत्र्याची भाषा विद्यार्थ्यांनी अवश्य शिकावी. पायांत घातलेली शेपटी, मागे वळविलेले कान, वारंवार ओठ चाटणे, तोंड फिरविणे ही “मला थोडे एकटे सोडा” अशी विनंती होय. गुरगुरणे ही त्यापुढची सूचना. ती ऐकून मागे सरावे. खाताना व झोपेत त्याला कधीही छेडू नये. पशुवैद्याकडून रेबीजची लस वेळेवर टोचून घ्यावी. आणि कोणताही कुत्रा चावल्यास जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

आमच्या गावापुरती एक विशेष सूचना. रंगपंचमीची गेर आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्या राजवाड्याजवळून जातात. दिवाळीचे फटाके तर घरोघरी. अशा सणांच्या तोंडावर नवा कुत्रा आणू नये. आणलाच असेल तर दारे-खिडक्या लावून आतल्या खोलीत त्याच्यासोबत बसावे. नवखा कुत्रा बिथरून पळाला तर त्याला घरची वाट ठाऊक नसते. गळ्यातील पट्ट्यावर आपला दूरध्वनी क्रमांक असावा आणि फिरताना साखळी हातातून सोडू नये.

कायद्यानेही ही जबाबदारी मानली आहे. 1960 च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार, उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्यास विनाकारण सोडून देणे हा अपराध आहे. सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2025 रोजी दिलेल्या आदेशात नागरिकांना नगरसंस्थेकडे अर्ज करून रस्त्यावरील कुत्रा दत्तक घेण्याची मुभा दिली. मात्र तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारी दत्तक घेणाऱ्यावरच टाकली.

विद्यार्थी मित्रहो, कुत्रा आणण्याचा हट्ट धरण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांसह बसून एका प्रश्नाचे उत्तर द्या: परीक्षेच्या दिवसांत, पावसाळ्यात आणि सुटीत गावी जाताना याचे कोण पाहील? कुत्रा दहा-बारा वर्षे, कधी त्याहूनही अधिक जगतो. एकदा घर गमावलेल्या जीवाला दुसऱ्यांदा घर गमावण्याची पाळी आपल्या हातून येऊ नये, एवढा निश्चय असेल तरच दार उघडावे. आणि एकदा उघडले, की मग धीर धरावा; विश्वास मागून मिळत नाही, तो रोजच्या वागणुकीने संपादन करावा लागतो.