ऑस्लोतील शरद : रान आणि चित्रे

प्रश्न : ऑस्लोत शिकणाऱ्या विद्यार्थ्याने रानात फिरण्यासाठी परवानगी काढावी का? मुंकची ‘किंकाळी’ कोठे पाहावी?

उत्तर : नॉर्वेतील १९५७ च्या कायद्याने ‘आलेमान्सरेत’, म्हणजे जमीन कोणाचीही असली तरी शेतीबाहेरील मोकळ्या रानात पायी फिरण्याचा सर्वांचा हक्क, मान्य केला असल्याने परवानगी लागत नाही, तंबू मात्र राहत्या घरापासून किमान १५० मीटर दूर ठोकावा. मेट्रोने फ्रोग्नरसेतेरेनला उतरताच नूरमार्काचे जंगल सुरू होते, जेथे सप्टेंबरअखेर भूर्जाची पाने पिवळी पडतात. अळंबी (मोह कितीही झाला तरी) ओळखीचीच खुडावी. पुठ्ठ्यावर रंगवलेली १८९३ ची ‘किंकाळी’ राष्ट्रीय संग्रहालयात आहे, तर मुंक संग्रहालय आपल्याकडील आवृत्त्या प्रकाशाने विटतात म्हणून आळीपाळीने एकेकच उघडते. एकच पाहायचे असल्यास राष्ट्रीय संग्रहालय निवडावे. सोमवारी ते बंद असते.